खाली म्हणजे काय?

‘ग्लास खाली ठेव’ म्हटलं की मराठी घरातलं मूल ग्लास जमिनीवर ठेवतं. उर्दू घरात ‘गिलास खाली रखो’ म्हणजे त्यात काही भरू नका. राजुरीसारख्या गावात दोन्ही भाषांत वावरणारी मुलं हा फरक कुणी न शिकवता सांभाळतात. शब्द तोच असला, तरी तो कोणत्या भाषेतला हे आधी पाहावं लागतं. कोडिंग शिकवताना मात्र आपण नेमकं हेच गाळतो.

साधं उदाहरण घ्या. उणे ७ ला २ ने भागल्यावर बाकी किती? जावा आणि पायथन, दोन्ही भाषांत बाकीचं चिन्ह ‘%’ हेच. जावा सांगते उणे १, पायथन सांगते १. दोघीही आपापल्या नियमाने बरोबर. जावा भागाकार शून्याकडे वळवते, म्हणून तो उणे ३. पायथन खालचा पूर्णांक धरते, म्हणून उणे ४. आता एखाद्या मुलीने ‘बाकी १ आली तर संख्या विषम’ असं लिहिलं, तर पायथनमध्ये ते चालेल. जावात उणे ७ विषम ठरणारच नाही. व्याकरणाची एकही चूक नाही, तरी उत्तर चुकलं. शब्दाला शब्द ठेवून केलेल्या तर्जुम्याचंही असंच होतं.

सी भाषेच्या १९८९च्या मानकाने तर हा निर्णय ज्याच्या त्याच्या कंपायलरवर सोडला होता. तो १९९९मध्ये पक्का झाला. अशा संदिग्धतेतूनच प्रोग्रॅमच्या अर्थाचं शास्त्र उभं राहिलं. १९६०च्या अल्गोल भाषेचं व्याकरण काटेकोर सूत्रांत होतं, अर्थ मात्र साध्या इंग्रजीत सांगितलेला. १९६९मध्ये टोनी होअर यांनी एक वाट दाखवली: सूचनेआधी काय खरं आहे आणि तिच्यानंतर काय खरं असेल, ते लिहा आणि सिद्ध करा. पुण्यात टाटांच्या संशोधन केंद्रात प्रोग्रॅम न चालवता, नुसता वाचून त्यातले दोष शोधणारी साधनं घडली, तीही अर्थाच्या अशाच नियमांवर.

हे मोठ्यांचं शास्त्र, मुलांना कशाला, असं कुणी म्हणेल. पण ‘टाइप करा आणि काय येतं ते पाहा’ एवढंच शिकलेलं मूल उत्तर चुकलं तर ओळखणार कसं? आता तर कोड यंत्रही लिहून देतं. तो बरोबर आहे का, हे माणसालाच ठरवायचं आहे.

म्हणून कोड चालवण्याआधी मुलांकडून उत्तर कारणासह लिहून घ्यावं. त्याला संगणकही लागत नाही. फळा आणि खडू पुरतो. भाषेच्या पेपरात आपण वर्षानुवर्षं ‘संदर्भासह स्पष्टीकरण द्या’ असं विचारत आलो. तोच प्रश्न कोडिंगच्या तासालाही विचारू या.