एकाच कार्यक्रमातील दोन अनोळखी आजार

केंद्र सरकारने २०१० साली जो राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम सुरू केला, त्याच्या लांबलचक नावात कर्करोग, मधुमेह, हृदयरोग आणि पक्षाघात असे चार आजार एकत्र नांदत होते. २०२३ मध्ये त्याचे नामकरण ‘राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम’ असे झाले. नाव आटोपशीर झाले, पण शासकीय नोंदवह्यांतील मधुमेह आणि कर्करोग यांची परस्परांशी ओळख झाली, असे म्हणता येणार नाही. मधुमेहाच्या रुग्णाची साखर मोजली जाते, गोळ्या दिल्या जातात आणि पुढची तारीख सांगितली जाते. त्याच्या आतड्यात काय घडत असेल, हा प्रश्न त्या रांगेत कोणी विचारत नाही. जीवशास्त्र मात्र या दोन आजारांत अशी भिंत मानत नाही.

टाइप २ मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांतील संबंध आता पुरेसा प्रस्थापित आहे. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात की मधुमेहींमध्ये या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा साधारण ३० टक्क्यांनी अधिक असतो. अमेरिकेतील मधुमेह आणि कर्करोग या विषयांवरील दोन प्रमुख संस्थांनी २०१० मध्येच संयुक्त निवेदनाद्वारे या दुव्याची दखल घेतली होती. लठ्ठपणा, बैठी जीवनशैली आणि तंतुमय पदार्थांची उणीव असलेला आहार ही दोन्ही आजारांची सामायिक पार्श्वभूमी आहे, आणि वाढीव धोक्याचा काही भाग तिच्या खात्यावर टाकावा लागेल. परंतु तेवढ्याने सारे स्पष्टीकरण संपत नाही.

टाइप २ मधुमेहात शरीराच्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. त्यावर मात करण्यासाठी स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन तयार करते. ही अवस्था मधुमेहाचे निदान होण्याच्या कित्येक वर्षे आधी सुरू होते. इन्सुलिनचे काम रक्तातील साखर पेशींपर्यंत पोहोचवणे एवढेच नाही, ते पेशींना वाढीचा आणि विभाजनाचा संदेशही देते. त्यातच इन्सुलिनशी साधर्म्य असलेला, यकृतात तयार होणारा एक वाढघटक अधिक मोकळा होतो, कारण त्याला आवर घालणारी प्रथिने वाढलेल्या इन्सुलिनमुळे घटतात. आतड्याचे अस्तर दर काही दिवसांनी नवे होते, म्हणजे तेथील पेशी मुळातच सतत विभाजित होत असतात. अशा ठिकाणी वाढीचा अतिरिक्त संदेश वर्षानुवर्षे मिळत राहिला, तर एखाद्या बिघडलेल्या पेशीला तो फावतो. पोटावरील चरबीतून उद्भवणारा सौम्य पण दीर्घकालीन दाह, आतड्यातील जिवाणूंच्या समतोलात होणारे बदल आणि मंदावलेली आतड्याची हालचाल यांची त्यात भर पडते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. या विवेचनाचा अर्थ इन्सुलिनचे इंजेक्शन घातक आहे, असा मुळीच नाही. ज्यांना त्याची गरज आहे, त्यांनी ते बंद करणे हाच तातडीचा धोका ठरेल. तसेच मेटफॉर्मिन या जुन्या आणि स्वस्त गोळीच्या कर्करोगरोधक गुणांबद्दल आशादायक संशोधन असले, तरी केवळ त्या हेतूने ती घ्यावी, असा निष्कर्ष अद्याप काढता येत नाही.

आता भारतापुरता विचार करू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. १३ कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. गोव्यात तर प्रौढांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक मधुमेही आढळले. मोठ्या आतड्याचा कर्करोग मात्र पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे अजूनही कमी आहे. वर्षाला सुमारे ७० हजार नवे रुग्ण असा जागतिक अंदाज सांगतो. पण येथील रुग्ण तुलनेने तरुण असतात आणि उशिरा दवाखान्यात पोहोचतात. शौचावाटे रक्त जाणे म्हणजे मूळव्याध, हे समीकरण आपल्या समाजात पक्के रुजलेले आहे. लाजेपोटी महिनोन्‌महिने घरगुती उपाय होतात, नंतर भिंतीवरच्या जाहिरातीतील उपचार होतात आणि खऱ्या तपासणीची वेळ टळून जाते.

मग सर्वांची दुर्बिणीने आतडेतपासणी करावी काय? नाही. कमी प्रमाणात आढळणाऱ्या आजारासाठी देशभर कोलोनोस्कोपी करणे आपल्या डॉक्टरांच्या संख्येला आणि तिजोरीला पेलणारे नाही, ते शास्त्रीयदृष्ट्याही समर्थनीय नाही. तीस टक्के वाढीव धोका हा मुळात लहान असलेल्या आकड्यावरचा आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. उगाच भीती पसरवण्यात कोणाचेच हित नाही.

परंतु सरसकट तपासणी आणि संपूर्ण दुर्लक्ष यांच्या मध्ये बरीच जागा आहे. सध्याच्या कार्यक्रमात तिशीनंतरच्या नागरिकांची मधुमेह, उच्च रक्तदाब आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी अभिप्रेत आहे. त्यासाठी आशा कार्यकर्ती घरोघर जाते आणि आरोग्य केंद्रात मधुमेहींची नोंद होते. सार्वजनिक आरोग्यात सर्वांत अवघड असते ते माणसाला दारापर्यंत आणणे, आणि मधुमेही तर गोळ्यांसाठी नियमित येतच असतो. त्याला तीन प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत: शौचावाटे रक्त जाते का, शौचाच्या सवयीत अलीकडे बदल झाला आहे का, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला होता का? त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन कारणाविना घटत असेल, तर लोहाची गोळी देऊन विषय संपवू नये. पन्नाशीपुढच्या मधुमेहींसाठी विष्ठेतील अदृश्य रक्त शोधणारी साधी चाचणी निवडक जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू करता येईल. त्यात दोष आढळणाऱ्यांनाच पुढे कोलोनोस्कोपीसाठी पाठवावे. ती सोय जिल्हा रुग्णालयात आधी उभी करावी लागेल, हे ओघानेच आले. अन्यथा चाचणी म्हणजे निव्वळ चिंतेचे वाटप ठरेल.

आतड्यातील निरुपद्रवी गाठीचे कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा दहाएक वर्षे लागतात. एवढी सवड फार थोडे कर्करोग देतात. एकदा रोग बळावला की मधुमेह त्याच्या उपचारांतही आडवा येतो: शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाची भीती वाढते आणि मधुमेहाने आधीच दुखावलेल्या नसांना काही केमोथेरपी औषधे आणखी इजा करतात. म्हणून कर्करोगाच्या नोंदणीतही रुग्णाच्या मधुमेहाची नोंद सक्तीची व्हावी. पाश्चात्त्य आकडेवारीवर विसंबण्याऐवजी आपल्या लोकसंख्येतील धोका किती, हे त्यावाचून कळणार नाही.

या दोन आजारांना एका कार्यक्रमात बसवून पंधरा वर्षे उलटली. मधुमेहाच्या रांगेत दरमहा उभ्या राहणाऱ्या माणसाला हे तीन प्रश्न विचारण्यासाठी नव्या योजनेची आणि नव्या नावाची गरज नाही. आरोग्य मंत्रालयाचे एक परिपत्रकही त्यासाठी पुरेल.