जिताडा, रावस आणि मराठीतले लिंग

दोन साहित्यकृतींची तुलना करताना ‘श्रेष्ठ कोणती?’ हा प्रश्न आधी विचारला, की तुलना संपते आणि निवाडा सुरू होतो. कोकणच्या खाड्यांवर हौसेने गरवणाऱ्यांच्या गप्पांत जिताडा आणि रावस यांचेही असेच होते. मासा केवढा होता आणि किती झुंजला, एवढ्यावर निकाल लागतो. ह्या निकषामागे आपल्या भाषेची एक जुनी सवय उभी आहे, असे आमचे मत आहे.

आधी भेद पाहू. गोव्यात ज्याला चोणक आणि ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणतात तो जिताडा दबा धरणारा मासा आहे. कांदळवनाच्या मुळांपाशी तो निश्चल थांबतो आणि भक्ष्य टप्प्यात येताच जबडा उघडून ते आत ओढतो. गरीला लागला की पाण्याबाहेर उसळून डोके झटकतो. त्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची धार दोरीही कापू शकते. रावस थव्याने, वाळूच्या किंवा चिखलाच्या उथळ किनाऱ्यालगत फिरतो. त्याचे तोंड नाकाडाच्या खाली असते आणि छातीच्या परांखाली चार सुटे तंतू असतात. गढूळ पाण्यात तो त्यांनी चाचपडत भक्ष्य शोधतो. शेपटी खोल दुभंगलेली, त्यामुळे धाव लांब. एकाची झुंज उसळीची, दुसऱ्याची धावेची. दोहोंना एकाच मापाने मोजणे म्हणजे अभंग आणि लावणी एकाच तराजूत घालणे होय.

परंतु भेदांहून महत्त्वाचे आहे ते साम्य. दोन्ही जातींतले बहुतेक मासे आधी नर म्हणून प्रौढ होतात आणि वाढता वाढता मादी होतात. म्हणजे लहान तो नर, मोठी ती मादी.

मराठीची रूढी नेमकी उलट आहे. सुरा मोठा, सुरी लहान. दांडा मोठा, दांडी लहान. मासा मोठा, मासोळी लहान. जिताडा आणि रावस दोन्ही शब्द पुल्लिंगी, म्हणून वर आम्हीही ‘तो’च लिहिले, व्याकरणाने तेच शुद्ध. पण आकार वाढला की पौरुष वाढले, ही कल्पना त्या शुद्धतेच्या आडून शिरते. मराठीपुरतीच ही गोष्ट नाही. पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ ह्या नावाने मराठीत आणलेल्या हेमिंग्वेच्या १९५२च्या कादंबरिकेत म्हातारा मार्लिनला पुरुषवाचक सर्वनामानेच संबोधतो. वास्तवात एवढ्या प्रचंड आकाराचे मार्लिन जवळजवळ नेहमी मादीच असतात.

कलाकृतीला जीवशास्त्राचे दाखले मागणे अरसिकपणाचे ठरेल, हे आम्हाला मान्य आहे. पाण्यात मात्र ह्या सर्वनामाची किंमत मोजावी लागते. सर्वांत मोठा मासा काढणे हाच पराक्रम मानला, तर खाडीतून आधी जातात त्या अंडी घालणाऱ्या माद्या. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात समुद्रात व खाड्यांत धरलेला बारामुंडी ५८ सेंटीमीटरहून लहान असला तर सोडावा लागतोच. पण १२० सेंटीमीटरहून मोठा असला तरीही सोडावा लागतो. त्या नियमाने मोठेपणाचा अर्थच बदलला आहे.

आपल्या वर्गांत भाषा आणि लिंगभाव यांवर पुष्कळ बोलले जाते. त्या चर्चेत एक उदाहरण खाडीतलेही असावे. ‘केवढा मोठा जिताडा!’ ह्या उद्गारात कर्ता कोण, हे विद्यार्थ्यांनी एकदा तपासून पाहावे.