परीक्षा नेमकी कशाची?

दहावीला एखाद्या मुलाला जादा वेळ वा लेखनिक मिळाला की ‘मग आमच्या मुलांनी काय घोडे मारले?’ असा सवाल हमखास येतो. मला तो पटत नाही. चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्याने सवलत लाटली, असे आपण म्हणतो का? डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची बुद्धी शाबूत असते; अडते ते वाचनात, शुद्धलेखनात. इतिहासाच्या पेपरात तपासायचा तो इतिहास. हाताचा वेग नव्हे.

महाराष्ट्राने या सवलती १९९६ सालीच दिल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर अध्ययन अक्षमतेला २१ प्रकारांत स्थान दिले. कागदावर सारे आहे. खरा अन्याय पुढेच आहे. तपासणीची, प्रमाणपत्राची वाट ठाऊक असलेल्या शहरी पालकाच्या मुलाला लेखनिक मिळतो. खेड्यातले तसेच मूल ‘ढ’ ठरून मागच्या बाकावर जाते आणि एक दिवस शाळाच सोडते. गैरवापराची चर्चा आपण हिरिरीने करतो. या मुलाची कोणी करत नाही. तिसरी-चौथीतच ते ओळखता येईल असे प्रशिक्षण गुरुजींना आणि तपासणीची सोय तालुक्याला मिळाली पाहिजे. तोवर या सवलती ऐपतदारांच्याच राहणार.