घड्याळं, नाणी आणि काळजाचे ठोके

मुलांनो, गेल्या वेळी आपण रूपक ताल हातावर मोजला होता, आठवतंय ना? तीन, दोन, दोन, अशा सात मात्रा. आज सात मात्रांचंच एक परदेशी गाणं ऐकू या. त्यात ठेका धरायला चक्क नाणी आहेत!

‘पिंक फ्लॉइड’ हा लंडनचा रॉक वाद्यवृंद. रॉजर वॉटर्स, डेव्हिड गिल्मर, रिचर्ड राइट आणि निक मेसन हे त्यातले चौघे. मार्च १९७३ मध्ये त्यांची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ही तबकडी निघाली. नाव चंद्राचं, पण गाणी आपल्याच रोजच्या जगण्याची : वेळ, पैसा, प्रवासाची धावपळ, भांडणं, मनावरचा ताण. सुरुवातीला आणि शेवटी ऐकू येतात काळजाचे ठोके. ते ड्रमवर तयार केलेले आहेत.

‘मनी’ म्हणजे पैसा. या गाण्यासाठी वॉटर्सनं मातीकामाच्या भांड्यात नाणी टाकून आवाज टिपला. गल्ल्याची खणखण, कागद फाडल्याचा आवाज असे आणखी तुकडे घेतले. तेव्हा संगणकावर जोडाजोड नव्हती! टेपचे तुकडे पट्टीनं मोजून सारख्या लांबीचे कापले, चिकटवले आणि त्यांचं कडं करून फिरवलं. झाल्या सात मात्रा! यात रूपकासारखी खाली-भरी नाही, पण मोजायला सातच. मध्ये गिटार वाजते तिथं मात्र चार-चार मोजा. गंमत म्हणजे, पैशाच्या हव्यासाला चिमटे काढणाऱ्या या गाण्यानंच मंडळींना भरपूर पैसा मिळवून दिला.

‘टाइम’ हे गाणं सुरू होताना एकदम कितीतरी घड्याळं ठणाणतात. ध्वनिमुद्रक अॅलन पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेका घड्याळाचा आवाज वेगळा टिपला होता.

पण या गाण्यामागचा विचार आवाजापेक्षा मोठा आहे. ते लिहिलं तेव्हा वॉटर्स अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा होता. लहानपणापासून त्याला वाटायचं, आत्ता फक्त तयारी चाललीय, खरं आयुष्य पुढं कधीतरी सुरू होणार. आणि एक दिवस लक्षात आलं, अरे, ते तर केव्हाच सुरू झालंय!

आपल्याकडेही हेच चालतं की. आपली खडकी तर घड्याळावर चालणारी. इथला दारूगोळा कारखाना १८६९ सालचा, म्हणजे किती पिढ्यांची घरं शिफ्टच्या वेळेवर चालली असतील बघा! लोकल पकडायची असली की मिनिटाचाही हिशेब. आणि तुम्ही मुलं? वर्गात कितीदा ऐकते मी, “बाई, स्कॉलरशिप झाली की चित्रं काढीन.” “दहावी झाली की पोहायला शिकीन.” “मोठा झालो की आजोबांना गावी नेईन.” अभ्यास सोडा असं मी मुळीच सांगत नाही हं. नुसतं लोळून दिवस घालवणाऱ्यालाही हे गाणं सोडत नाही. पण चौथीतलं वर्ष हे काही दहावीची पायरी म्हणून आलेलं नसतं. ते पण खरंखुरं आयुष्यच आहे, आणि आजोबाही आजच आहेत.

म्हणूनच असेल, जगभरच्या लोकांना ही गाणी आपली वाटली. अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’च्या यादीत १९७३ ते १९८८ या काळात ही तबकडी ७४१ आठवडे होती. फेब्रुवारी २००७ मध्ये वॉटर्सनं मुंबईत येऊन ती गाणी ऐकवली, तेव्हा ती चौतीस वर्षांची व्हायला आली होती!

आता तुमचं काम. घरातले सात आवाज गोळा करा. चिल्लर, कात्री, कुकरची शिट्टी, गजर, काहीही. घरच्यांना विचारून मोबाइलवर टिपा आणि सात मात्रांत बसवून बघा.

आणि दुसरं काम त्याहून सोपं. ‘परीक्षा झाल्यावर’ म्हणून मागं ठेवलेली एक गोष्ट आज फक्त पंधरा मिनिटं करा. कोणती केली, ते कळवाल ना?

– तुमच्या बाई