कमी बोलणारी माणसे

‘बोलपट’ हा शब्द ज्या कोणी मराठीत रूढ केला, त्याला हिरायामा दाखवायला हवा होता. विम वेंडर्स या जर्मन दिग्दर्शकाने टोकियोत घेतलेल्या ‘परफेक्ट डेज’ (२०२३) या चित्रपटाचा हा नायक. पडद्यावर येऊन बराच वेळ झाला तरी गृहस्थ तोंड म्हणून उघडत नाही. पहाटे उठतो, अंथरुणाची घडी घालतो, मिशी कातरतो, रोपांना पाणी देतो आणि गाडीत जुनी कॅसेट लावून कामाला निघतो. काम कोणते, तर शिबुया भागातले सार्वजनिक संडास धुण्याचे.

पहिल्या अर्ध्या तासात आमच्या सौभाग्यवतींनी दोनदा विचारले, “यात होणार काय आहे?” प्रश्न रास्त होता. पुढे हिरायामाची भाची घरातून पळून त्याच्याकडे येते, आणि तिला न्यायला त्याची बहीण मोटारीतून, ड्रायव्हरसह उतरते. तू खरोखरच संडास धुतोस का, एवढेच ती त्याला विचारते. तो मान डोलावतो, तिला जवळ घेतो, आणि मोटार गेल्यावर रडतो. भावंडांत एक वर चढला, एक खाली राहिला, असे घर आपल्या ओळखीत कुठे नाही? तिसऱ्यांदा तो प्रश्न आमच्या घरात आला नाही. कोजी याकुशो या नटाला या भूमिकेसाठी कान महोत्सवात पारितोषिक मिळाले, ते त्या अबोल चेहऱ्याचे आहे.

पण वाचकहो, एक शंका मनातून जात नाही. हे संडास फारच देखणे आहेत! नामांकित वास्तुशिल्पकारांकडून शिबुयात अशी सतरा स्वच्छतागृहे बांधून घेण्यात आली, आणि त्यांची ओळख लोकांना व्हावी या इच्छेतूनच हा चित्रपट निघाला. शिगेरु बान यांच्या संडासाच्या भिंती रंगीत काचेच्या. आतून कडी लावली की त्या धूसर होतात. आमच्या एखाद्या एस. टी. स्थानकावरच्या हिरायामाला झाडांच्या पानांतून झिरपणाऱ्या उन्हाचे फोटो काढायला सवड मिळेल काय? म्हणूनच मला त्यातला एक छोटा प्रसंग अधिक खरा वाटला. जोडीदार काम सोडून जातो, दोघांचे काम एकट्यावर पडते, आणि हा शांत माणूस टेलिफोनवर आवाज चढवून सांगतो की हे रोज जमणार नाही. बाकी सगळे समाधान त्या एका संतापावर उभे आहे, असे मी समजतो.

पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’मध्ये अशी शंका यायला जागाच नाही. २०२४ साली कानच्या मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी भारतीय चित्रपट गेला आणि ‘ग्राँ प्री’ घेऊन आला, हे वर्तमानपत्रांनी पुष्कळ छापले. मला आठवते ती त्यातली पार्वती. कथा खरे तर प्रभा आणि अनु या केरळच्या दोन परिचारिकांची. जर्मनीहून, चिठ्ठीचपाटीवाचून आलेले भात शिजवण्याचे विजेचे भांडे प्रभा रात्री कवेत घेऊन बसते, तो प्रसंग सांगून कळायचा नाही, पाहावाच लागेल. पण पार्वती आपली, रत्नागिरीकडची. इस्पितळात स्वयंपाक करते. नवरा गेलेला, बावीस वर्षांचे बिऱ्हाड, आणि खोली आपली आहे असे सांगणारा एक कागद नाही. बिल्डरला तेवढे पुरे होते. कागदाशिवाय माणूस हवेत विरून गेला तरी कुणाला कळायचे नाही, असे ती सहज बोलून जाते. छाया कदम हे वाक्य असे म्हणतात, की जणू भाजीचा भाव सांगत आहेत.

एका रात्री ती आणि प्रभा मिळून बिल्डरच्या भल्यामोठ्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारतात. चित्रगृहात माझ्या पुढच्या रांगेत कुणीतरी मोठ्याने हसले. मलाही हात शिवशिवल्यासारखे झाले.

पार्वती गावी परत जाते. शेवटी रात्र असते, समुद्रकाठी एका टपरीवर रंगीत दिवे लागलेले असतात, आणि त्याखाली चौघे शांत बसलेले दिसतात: प्रभा, पार्वती, अनु आणि अनुचा तो मुसलमान प्रियकर, ज्याच्यापायी मुंबईत तिला लपतछपत हिंडावे लागले होते. प्रभाच अनुला सांगते, की बोलाव त्याला. मुंबईच्या खोलीचे मात्र पुन्हा नाव निघत नाही.