बाप्तिस्म्याचें पाणी आणि समाजाचा न्याय

ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस नारायण वामन टिळक यांनीं ख्रिस्ती धर्माचा बाप्तिस्मा घेतला. विधि घटकाभराचा, पण त्या घटकेनें नाशिकजवळच्या जलालपूरची कन्या, टिळकांची पत्नी लक्ष्मीबाई, हिचा संसार मोडला. पति हयात असून ती पतीवांचून झाली, लहानगा मुलगा पित्यावांचून झाला, आणि आप्तांत मृत्यु घडावा तसा आकांत झाला. ओंजळभर पाण्याच्या अंगीं एवढें सामर्थ्य आलें कोठून? तें त्या पाण्याचें होतें, कीं आमच्या समाजाचें? धर्मांतराच्या वादास पुन्हा ऊत आला असतां हा प्रश्न शांतपणें विचारणें अवश्य आहे. आणि तो विचारण्याचा पहिला अधिकार व पहिलें कर्तव्य आम्हां नाशिककरांचें आहे.

प्रथम ख्रिस्ती शास्त्र या विधीस काय समजतें तें पाहूं. बाप्तिस्मा हा शब्द मूळ ग्रीक; त्याचा अर्थ बुडविणें. यार्देन नदींत योहानाच्या हस्तें स्वतः येशूनें हें स्नान स्वीकारिलें व पुढें शिष्यांस त्याची आज्ञा दिली, असें शुभवर्तमानांत सांगितलें आहे. पौलाच्या मतें पाण्याखालीं जाणें हें जुन्या मनुष्याचें मरण व वर येणें हें नव्या मनुष्याचें उत्थान होय. वसईकडील कॅथलिक मंडळी यास स्नानसंस्कार म्हणतात व तो तान्ह्या बालकासहि देतात. बॅप्टिस्ट पंथ समज आलेल्या माणसासच, तोहि पुरता बुडवून देतो. क्वेकर व मुक्तिफौज हे तर पाण्याच्या विधीवांचूनच ख्रिस्तास भजतात. इतका भेद असला तरी हा विधि मानणाऱ्या मुख्य पंथांचें एका गोष्टीवर एकमत आहे: हा संस्कार आयुष्यांत एकदांच. आमच्या रामकुंडावरचें स्नान पुनःपुन्हा करावयाचें असतें. बारा वर्षांनीं सिंहस्थ आला कीं पुन्हा पर्वणी साधावयाची असते. बाप्तिस्मा पुन्हा होत नाहीं, म्हणूनच त्याचा अर्थ रोजच्या वागणुकींत जिवंत ठेवावा लागतो. आपल्यांतील जुना पापी मनुष्य दररोज पश्चात्तापांत बुडाला पाहिजे, असें सोळाव्या शतकांत मार्टिन लूथरनें शिकविलें तें याच अर्थानें. आणि ईस्टरच्या आदल्या रात्रीं कॅथलिक मंडळी स्नानसंस्काराचीं वचनें पुन्हा उच्चारतात तींहि याच हेतूनें. सारांश, बाप्तिस्मा हें एक वचन आहे. त्यांत पाप टाकण्याची प्रतिज्ञा आहे; पत्नी, मातृभाषा किंवा मातृभूमि टाकण्याची नाहीं.

मग आमच्या समाजानें त्याचा अर्थ काय केला? १८४३ सालीं मुंबईंत नारायण शेषाद्रि व त्याचा धाकटा भाऊ श्रीपति हे स्कॉटिश मिशनऱ्यांच्या आश्रयास गेले. थोरल्यानें बाप्तिस्मा घेतला. धाकटा अल्पवयी असल्यानें पित्यानें सुप्रीम कोर्टांत दाद मागितली व कोर्टानें मुलगा त्याच्या स्वाधीन केला. श्रीपतीस बाप्तिस्मा झालाच नव्हता. तरीहि मिशनऱ्यांच्या घरचें अन्न त्याच्या पोटांत गेलें होतें, एवढ्याच कारणानें त्यास जातींत घेण्यास सनातनी मंडळी राजी होईनात. प्रायश्चित्त देऊन मुलास परत घ्यावें असा पक्ष बाळशास्त्री जांभेकर यांनीं उचलला व त्याबद्दल स्वकीयांचा रोष पत्करिला. येथें विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, मुलाची श्रद्धा काय आहे हें कोणी विचारलेंच नाहीं; त्याचें ताट कोठें मांडलें होतें एवढेंच पाहिलें. आमच्या लेखीं धर्म मनांत नव्हता, तो पंक्तींत होता. बाप्तिस्म्यास मरणाचें स्वरूप आलें तें पंक्तीच्या या न्यायानें.

कायद्यानें या जखमेवर मलमपट्टी करून पाहिली. धर्म सोडला किंवा जात गेली म्हणून कोणाचा वारसाहक्क बुडूं नये, असें १८५० च्या कायद्यानें ठरविलें. ख्रिस्ती झालेल्या मनुष्याबरोबर नांदण्यास त्याची पत्नी किंवा पति धर्मांतराच्या कारणानें तयार नसेल, तर विवाह रद्द करून मागण्याची वाट १८६६ च्या कायद्यानें खुली केली. एकानें मालमत्ता राखिली, दुसऱ्यानें गांठ सोडविण्याची सोय केली. पण मोडलेलें घर जोडण्याचें सामर्थ्य कोणत्याच कायद्यांत नव्हतें. तें टिळक पतिपत्नींनीं स्वतः केलें, आणि म्हणूनच त्यांचें चरित्र आम्हांस कोणत्याहि निवाड्यापेक्षां अधिक बोधप्रद वाटतें.

टिळकांनीं गांठ सोडविली नाहीं, वाट पाहिली. कांहीं वर्षांच्या विरहानंतर लक्ष्मीबाई मुलासह त्यांच्याकडे परत आल्या, पण ख्रिस्ती म्हणून नव्हे. त्यांनीं आपली चूल निराळी ठेविली, पाणी निराळें ठेविलें. आणि टिळकांनीं तें चालूं दिलें. ज्या बाईचे वडील सोंवळ्यापायीं बाजारांतून आलेला जिन्नस धुतल्यावांचून घरांत घेत नसत, तिला निराळें पाणी हेंच आपलें शील वाटावें यांत नवल नाहीं. परंतु विचार करतां करतां मनुष्यामनुष्यांतला हा भेद देवानें केलेला नाहीं अशी तिची खात्री झाली, व तिनें तो आपल्या हातांनीं टाकला. बाप्तिस्मा त्यानंतरचा. म्हणजे पतीच्या बाबतींत आधीं पाणी व मग आयुष्यभर त्या वचनाची फेड, तर पत्नीच्या बाबतींत आधीं वागणुकींतला पालट व मग पाणी. 'स्मृतिचित्रें' वाचणारास हा क्रम ध्यानांत येतो, आणि विधीपेक्षां जीवन मोठें हें कोणी उपदेश न करतां कळतें.

टिळकांचें पुढील वर्तन आमच्या राष्ट्रीय दृष्टीसहि समाधान देणारें आहे. नारायण आणि वामन हीं दोन्हीं विष्णूचीं नांवें. तीं त्यांनीं टाकिलीं नाहींत. त्यांनीं ख्रिस्ताचीं स्तोत्रें अभंगांत रचिलीं, कीर्तनाची परंपरा देवळांत नेली, देशभक्तीचीं गीतें लिहिलीं. १९१७ सालीं मिशनचें वेतन सोडून ते ख्रिस्ती संन्यासी झाले व 'देवाचा दरबार' स्थापण्याचा त्यांनीं उद्योग आरंभिला. त्या दरबारांत बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांहि ख्रिस्तभक्तांस जागा होती. ज्यानें या विधीची किंमत संसार मोडून दिली, त्यानेंच शेवटीं तो विधि दाराचा अडसर होऊं दिला नाहीं, ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि दोष एकट्या हिंदु समाजाचा नाहीं. नाशिकच्या शरणपुरांत गेल्या शतकाच्याहि आधींच्या शतकांत चर्च मिशनरी सोसायटीनें ख्रिस्ती वसाहत वसविली. गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेलीं आफ्रिकी मुलें नाशिकास शिकलीं. त्यांपैकीं जेकब वेनराइट हा १८७४ सालीं लिव्हिंग्स्टनच्या शवाबरोबर इंग्लंडास गेला. ज्यांचें सर्वस्व हिरावलें गेलें होतें त्यांस येथें आसरा मिळाला, हें उपकार मानूनच सांगितलें पाहिजे. परंतु जातीनें बाहेर घातलें म्हणून नवख्रिस्त्यांस वसाहत लागली, आणि वसाहत झाली म्हणून ते शेजाऱ्यांस परके दिसूं लागले. अशी भिंत दोन्हीं बाजूंनीं बांधली गेली. शिवाय बाप्तिस्म्यानें सर्व एक होतात असें सांगणाऱ्या मंडळ्यांत, विशेषतः दक्षिणेंत, दलित ख्रिस्त्यांस निराळें बसविणें, त्यांचीं प्रेतें निराळ्या जागीं पुरणें हे प्रकार घडले आहेत. ज्या पाण्यानें पाप धुतलें जातें म्हणावें, त्यानें जात धुतली जाऊं नये, याचें उत्तर धर्मगुरूंनींच दिलें पाहिजे. याच जिल्ह्यांत येवल्यास १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांनीं हिंदु म्हणून मरणार नाहीं अशी घोषणा केली. त्यानंतर अनेक धर्मांचे लोक त्यांस आपल्याकडे बोलावीत होते. त्यांनीं एकवीस वर्षें विचार करून १९५६ सालीं बौद्ध धर्म स्वीकारिला. धर्मांतर हा भुलण्याचा विषय नसून विवेकाचा आहे, याहून मोठा दाखला कोणता हवा?

आतां राज्यव्यवस्थेकडे वळूं. मध्यप्रदेशच्या १९६८ च्या कायद्यानें धर्मांतराचा विधि करणाऱ्या गुरूनें जिल्हाधिकाऱ्यास कळवावें असें बंधन घातलें. १९७७ सालीं सुप्रीम कोर्टानें तो कायदा वैध ठरविला. महाराष्ट्र शासनानेंहि फेब्रुवारी २०२५ मध्यें अशा कायद्याच्या विचारार्थ पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमिली. दुसरीकडे, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेविल्या. १९५६ सालीं शिखांस व १९९० सालीं बौद्धांस त्यांत घेतलें, ख्रिस्त्यांस घेतलें नाहीं. नोव्हेंबर २०२४ मध्यें पुदुच्चेरीच्या एका महिलेच्या प्रकरणांत सुप्रीम कोर्टानें तिचा बालपणींचा बाप्तिस्मा व तिचें नियमित चर्चला जाणें हीं दोन्हीं पाहून तिचा हिंदु असल्याचा दावा अमान्य केला. उलट, १९७० च्या एका निवाड्यांत त्याच कोर्टानें म्हटलें होतें कीं, हिंदु होण्यास शुद्धीचा विधि अवश्य नाहीं. खरा हेतु व त्यास अनुरूप वर्तन पुरे आहे. दोन्हीं निवाडे एकत्र वाचले तर न्यायालयाचा कल स्पष्ट दिसतो: नुसत्या पाण्यावर निर्णय नाहीं, आचरणावर आहे.

लोभ दाखवून किंवा धाक घालून होणारें धर्मांतर रोखूं नये काय, असें कोणी विचारील. अवश्य रोखावें. धाकानें दिलेला बाप्तिस्मा ख्रिस्ती शास्त्राच्या कसोटीसहि उतरत नाहीं, कारण तेथें वचनच नाहीं. परंतु फसवणूक व जबरदस्ती हे गुन्हे शाबीत करण्याचा भार फिर्यादीवर असावा. प्रौढ मनुष्यानें आपल्या अंतःकरणाचा हिशेब आधीं कचेरींत द्यावा, ही रीत स्वतंत्र राष्ट्रास शोभत नाहीं. आणि अस्पृश्यतेचा डाग बाप्तिस्म्यानेंहि गेला नसेल, तर त्या डागावरचा उपाय बाप्तिस्म्यामुळें कां जावा, याचेंहि उत्तर राज्यकर्त्यांस द्यावें लागेल.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. शासनानें जबरदस्तीवर नजर ठेवावी, श्रद्धेवर ठेवूं नये. ख्रिस्ती मंडळ्यांनीं किती माणसें भिजलीं हें मोजण्यापेक्षां त्या माणसांच्या पंक्ती व थडगीं एक झालीं कीं नाहीं हें मोजावें. आणि हिंदु समाजानें, ज्याचें अंतःकरण दुसऱ्या वाटेनें गेलें त्यास मेला म्हणण्याची रीत सोडावी. लक्ष्मीबाईंनीं पतीचा धर्म पटण्यापूर्वींच त्याच्या घरीं परत येण्याचें धैर्य दाखविलें. तेवढें धैर्य आपल्या प्रत्येक घरांत आलें, तर बाप्तिस्म्याच्या पाण्यानें कोणाचाहि संसार वाहून जाणार नाहीं.