आराखड्याचा हक्क आधी



परदेशी भागीदारीत पाचव्या पिढीचे लढाऊ विमान लवकर मिळेल, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटत नाही. अशाच विमानासाठी रशियाशी २००७ मध्ये करार झाला, २०१० मध्ये प्राथमिक आराखड्याचे काम ठरले आणि २०१८ मध्ये भारत बाहेर पडला. घोडे अडले ते खर्च, इंजिन आणि तंत्रज्ञान किती मिळणार यावर. फ्रान्स-जर्मनीचेही संयुक्त लढाऊ विमानाच्या कामाच्या वाटणीवरून वाजलेच. नाशिकजवळ ओझरला सुखोई-३० आधी सुट्या भागांतून जुळवले, पुढे कच्च्या मालापासून घडवले. तरी मूळ आराखडा रशियाचाच! आमच्या केज भागातल्या आयटीआय झालेल्या पोरांनी जन्मभर दुसऱ्यांच्या नकाशावरच रिव्हेट ठोकायचे का? भागीदारी जरूर करा, पण आराखड्याचा हक्क आधी लेखी घ्या.

– एक वाचक, युसूफ वडगाव (ता. केज, जि. बीड)